काम काठावर चालतं

शिसपेन्सिलीत शिसं नसतं. असतं ते ग्रॅफाईट, म्हणजे निव्वळ कार्बन. तरी 'पेन्सिलीचं शिसं तुटलं' असंच आपण शाळेपासून म्हणत आलो. ही गफलत एकट्या मराठीची नाही. काळपट, मऊ, ओढला की रेघ उमटवणारा कुठलाही दगड युरोपातही कित्येक शतकं शिशाच्या कुळातला समजला जाई. ग्रीक भाषेत शिशाला 'मोलिब्डॉस' म्हणतात, आणि त्यावरूनच अशा दगडांना 'मोलिब्डेना' हे नाव पडलं. १७७८ साली स्वीडनमधल्या कार्ल विल्हेल्म शीलेने दाखवून दिलं की यातला एक दगड शिशाचा नाही आणि ग्रॅफाईटही नाही. त्यात गंधक आहे, शिवाय एक अनोळखी धातू आहे. तीन वर्षांनी पीटर याकोब येल्मने तो धातू वेगळा काढला. शिशाशी संबंध नसलेल्या या धातूला शिशाचंच नाव कायमचं चिकटलं: मोलिब्डेनम. आणि दगड झाला मोलिब्डेनाईट, म्हणजे मोलिब्डेनम डायसल्फाईड. धातूच्या एका अणूमागे गंधकाचे दोन.

या दगडाने आजवर तीन नोकऱ्या केल्या. पहिली वंगणाची, गॅरेजमध्ये 'मोली ग्रीस' म्हणून जो करडा लगदा मिळतो त्यात हाच असतो. दुसरी तेलशुद्धीकरण कारखान्यातली. तिसरी अजून उमेदवारीवर आहे: विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढताना प्लॅटिनमच्या जागी उभं राहायची. हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या नोकरीबद्दल आहे, पण पहिल्या दोन समजल्याशिवाय ती समजत नाही.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. या विषयाकडे मी वळलो ते एका दाव्यामुळे. हा उत्प्रेरक 'डिझाइन' केलेला आहे, आधी काँप्युटरवर ठरवला आणि मग प्रयोगशाळेत बनवला, असं बरेचदा सांगितलं जातं. रोज काँप्युटरकडून कामं करून घेणाऱ्या माणसाला अशा वाक्यांचं आकर्षणही वाटतं आणि संशयही येतो. म्हणून इतिहास नीट लावून पाहिला. तो त्या दाव्यापेक्षा जास्त रंजक निघाला.

पाणी फोडण्याची जास्तीची किंमत

व्होल्टाने आपल्या विद्युतघटाची बातमी १८०० सालच्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. दोन महिन्यांच्या आतच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी लंडनमध्ये त्याच धर्तीचा घट रचला, त्याच्या तारा पाण्यात सोडल्या आणि दोन वायू वेगळे होताना पाहिले. म्हणजे बॅटरी आणि पाण्याचं विद्युत अपघटन या जवळजवळ जुळ्या बहिणी.

हिशोबाने पाणी फोडायला १.२३ व्होल्ट पुरायला हवेत. प्रत्यक्षात कारखान्यातल्या घटाला साधारण १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. वरचे व्होल्ट बहुतांशी उष्णता होऊन वाया जातात, आणि वीजबिल त्यांचंही भरावं लागतं. ही जादा किंमत कोणत्या धातूवर किती पडते, याचा नियम १९०५ मध्ये युलियुस टाफेलने मांडला. टाफेल मुळात सेंद्रिय रसायनज्ञ. शिशाच्या इलेक्ट्रोडवर स्ट्रिक्निनसारखे रेणू बदलायचे त्याचे प्रयोग चालू होते. शिसंच का? कारण शिशावर हायड्रोजन अगदी नाखुशीने सुटतो, त्यामुळे वीज वायू काढण्यात न जाता हव्या त्या कामाला लागते.

प्लॅटिनम आणि शिसं यांच्यातला या बाबतीतला फरक दुप्पट-तिप्पट नाही, अब्जावधी पटींचा आहे. घरातली इन्व्हर्टरची बॅटरी चालते ती याच फरकाच्या जिवावर. तिच्या प्रत्येक खान्यात २ व्होल्ट असतात, म्हणजे हिशोबाने तिने आपल्यातलं पाणी कधीच फोडून टाकायला हवं. शिशाच्या आळशीपणामुळे ते टळतं, आणि आपल्याला फक्त अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं.

मग प्लॅटिनमपाशी असं काय आहे? उत्तराची दिशा फ्रान्सच्या पॉल साबातिएने दाखवली होती: उत्प्रेरकाने रेणूला धरावं, पण बेताने. पकड सैल असेल तर रेणू टिकत नाही, घट्ट असेल तर सुटत नाही. १९५८ मध्ये ब्रिस्टलचे रॉजर पार्सन्स आणि जर्मनीतले हाइन्झ गेरिशर यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे, ही कल्पना हायड्रोजनसाठी गणितात बसवली. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागावर बसताना ऊर्जेचा जमाखर्च शून्याच्या जवळ आला पाहिजे. धातूंचा आलेख काढला तर मधे शिखर आणि दोन्हीकडे उतार असा डोंगर दिसतो. प्लॅटिनम त्या शिखराजवळ बसतं.

म्हणजे निकष १९५८ सालीच हातात होता. त्यात बसणारं स्वस्त काही मात्र कोणाकडे नव्हतं.

वंगणाचा गुण हाच दोष

१९२३ मध्ये कॅलिफोर्नियात रॉस्को डिकिन्सन आणि त्याचा तरुण विद्यार्थी लायनस पॉलिंग यांनी क्ष-किरणांनी मोलिब्डेनाईटची रचना उलगडली. पुढे दोन नोबेल मिळवणाऱ्या पॉलिंगच्या संशोधनाची सुरुवात या दगडापासून झाली. रचना सँडविचसारखी आहे: मधे मोलिब्डेनमचा थर, वर-खाली गंधकाचे थर. अशी सँडविचं एकावर एक रचलेली. सँडविचच्या आत बंध पक्के, पण दोन सँडविचांमध्ये ओढ अगदी क्षीण. म्हणून ती पत्त्यांच्या कॅटसारखी एकमेकांवरून घसरतात. वंगणाला याहून चांगलं काय हवं?

घसरतात, कारण बाहेरच्या गंधकाच्या अणूंची सगळी देणीघेणी आतच मिटलेली आहेत. बाहेरच्या कोणाला धरायला त्यांच्याकडे हात मोकळा नाही. उत्प्रेरकाला नेमका तो मोकळा हात लागतो. १९७७ मध्ये हेल्मुट ट्रिबुच आणि बेनेट यांनी मोलिब्डेनाईटच्या स्फटिकांची विद्युत-रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली. हायड्रोजन सोडण्याच्या कामात हा पदार्थ सुमार ठरला.

तो निष्कर्ष चुकीचा होता असं मला वाटत नाही. मोठ्या, सुबक स्फटिकाचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग सपाट तोंडाचाच असतो. त्यांनी जे मोजलं ते त्या सपाट तोंडाचं खरं मोजमाप होतं. मात्र वाचणाऱ्यांच्या लेखी निकाल लागला तो सगळ्या पदार्थाचा, आणि फाईल बंद झाली.

रिफायनरीवाल्यांना ठाऊक असलेली गोष्ट

दुसऱ्या एका इमारतीत मात्र हीच फाईल कधी बंदच झाली नव्हती. १९२० च्या दशकात जर्मनीकडे कोळसा भरपूर होता आणि खनिज तेल फारसं नव्हतं. कोळशावर दाबाखाली हायड्रोजन सोडून पेट्रोल बनवायचे प्रयत्न चालले होते. अडचण गंधकाची होती. कोळशात तो असतोच, आणि नेहमीच्या धातूंच्या उत्प्रेरकांना तो विषासारखा बाधतो. मात्थियास पीअर यांच्या चमूने मोलिब्डेनम आणि टंगस्टनची संयुगं वापरली, जी गंधकासोबत सल्फाईडच्या रूपातही काम करत राहतात. ज्याच्या अंगातच गंधक आहे त्याला गंधकाची काय बाधा होणार! १९२७ पासून लॉइनाच्या कारखान्यात असं पेट्रोल निघू लागलं.

युद्धानंतर हीच सल्फाईडं उलट्या कामाला लागली. खनिज तेलातला गंधक हायड्रोजनच्या मदतीने बाहेर काढायचं काम जगभरच्या रिफायनऱ्यांत मोलिब्डेनम सल्फाईडचे बारीक कण करतात. जोडीला थोडा कोबाल्ट किंवा निकेल असतो. १ एप्रिल २०२० पासून भारतभर बीएस-६ इंधन आलं आणि पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा किलोमागे ५० मिलिग्रॅमवरून १० वर उतरली. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांमध्ये असो वा जामनगरला, त्या १० च्या आकड्यामागे राबणारी उत्प्रेरकांची जात हीच आहे.

हे कण नक्की कुठे काम करतात, हा प्रश्न डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो या उत्प्रेरक बनवणाऱ्या कंपनीने धरून ठेवला. १९८० च्या सुमारास हेन्रिक टॉप्सो आणि सहकाऱ्यांनी मॉसबाउअर वर्णपटाच्या तंत्राने दाखवलं की मदतनीस कोबाल्ट सल्फाईडच्या पापुद्र्यांच्या काठावर जाऊन बसतो. २००० साली ऑरहूस विद्यापीठातल्या मंडळींनी सोन्याच्या पृष्ठभागावर मोलिब्डेनम सल्फाईडचे एका थराचे इवलेसे तुकडे वाढवले आणि स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली त्यांचा अणू-अणू पाहिला. तुकडे त्रिकोणी होते. काठावरच्या अणूंची मांडणी आतल्यांपेक्षा वेगळी होती.

इथवर येऊनही पाणी फोडणाऱ्यांना याची खबर नव्हती. गंधक काढणारे एका परिषदेला जात, विद्युतरसायनवाले दुसऱ्या. तोच दगड, तोच हायड्रोजन, आणि नियतकालिकं वेगवेगळी.

तिसरा धागा, जिवाणूंचा

हायड्रोजन सोडायला निसर्ग प्लॅटिनम वापरत नाही. कितीतरी जिवाणू हे काम हायड्रोजिनेझ नावाच्या एन्झाइमने करतात, आणि त्याच्या गाभ्यात असतात लोह, निकेल आणि गंधक. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात ते नायट्रोजिनेझने. त्याच्या गाभ्यात लोह, मोलिब्डेनम आणि गंधक असतात, आणि नायट्रोजनचं काम करता करता तेही थोडा हायड्रोजन सोडतं. १९९० च्या दशकात या एन्झाइमांच्या रचना एकेक करून उलगडल्या.

डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात, कोपनहेगनजवळच्या लुंग्ब्यू गावात, येन्स नॉर्स्कोव यांचा गट पृष्ठभागांची गणितं करत असे. टॉप्सो कंपनीही त्याच गावातली. क्वांटम यांत्रिकीची समीकरणं इतक्या अणूंसाठी तंतोतंत सोडवता येत नाहीत. वॉल्टर कोन यांनी घातलेल्या पायावर, इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून, कामापुरतं उत्तर काढता येतं. कोन यांना त्यासाठी १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नॉर्स्कोव यांच्या गटाने तोच जुना, १९५८ चा निकष या एन्झाइमांच्या गाभ्यांना लावून पाहिला. जमाखर्च शून्याच्या जवळ आला. मग त्यांनी नायट्रोजिनेझच्या गाभ्यासारखी मांडणी, म्हणजे धातूला टेकलेला आणि एक हात मोकळा असलेला गंधक, आणखी कुठे सापडते ते पाहिलं. ती मोलिब्डेनम डायसल्फाईडच्या काठावर होती. तिथला आकडा आला शून्यापासून सुमारे एक दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट दूर. प्लॅटिनमही साधारण तितकंच दूर आहे, शून्याच्या दुसऱ्या बाजूला. नंतरच्या गणितांत सपाट तोंडासाठी हाच आकडा दोनच्या घरात निघाला.

ग्रॅफाईटवर या सल्फाईडचे अतिसूक्ष्म कण बसवून प्रयोग केला, आणि हायड्रोजन ०.१ ते ०.२ व्होल्टच्या जादा किमतीत सुटू लागला. २००५ साली बेरिट हिनेमान आणि सहकाऱ्यांच्या नावे हे काम प्रसिद्ध झालं.

काठ मोजला

तरी शंकेला जागा होती. लहान कणांत काठ जास्त असतो हे खरं, पण इतरही पुष्कळ गोष्टी बदलतात. काम काठच करतो याला पुरावा काय? तो २००७ मध्ये आला, आणि या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आवडलेला भाग तो आहे.

एक मीटर लांबी-रुंदीची चादर घ्या. तिची किनार चार मीटर. तिचे दहा सेंटिमीटरचे शंभर चौकोन कापले तर कापड तेवढंच राहतं, पण एकूण किनार चाळीस मीटर होते. आता काम कापडावर अवलंबून आहे की किनारीवर हे ओळखायचं असेल, तर वेगवेगळ्या मापांचे तुकडे घ्यावेत, दोन्ही मोजावीत आणि कामाचा आकडा कशाच्या प्रमाणात वाढतो ते पाहावं. थॉमस हारामियो, इब चॉर्केंडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी अक्षरशः हेच केलं. सोन्यावर सल्फाईडचे कण वाढवले. काही नमुने ४०० अंश सेल्सियसला तापवले, काही ५५० ला. जास्त तापले की कण मोठे होतात. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक नमुन्याचं क्षेत्रफळ आणि काठाची लांबी मोजली, आणि मग तेच नमुने विद्युतघटात ठेवले. हायड्रोजनचा वेग काठाच्या लांबीच्या प्रमाणात निघाला. क्षेत्रफळाशी त्याचा मेळ बसला नाही.

सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम हळू चालत असेल तर आधी प्रोफाइलर लावतात, म्हणजे वेळ नेमका कुठल्या ओळींत जातो ते मोजतात. बहुधा हजारो ओळींपैकी मोजक्याच ओळी सगळा वेळ खात असतात. त्या सापडेपर्यंत केलेली सुधारणा ही नशिबाची गोष्ट. १९७७ आणि २००७ च्या मधला फरक मला असा दिसतो. पहिल्यांदा संपूर्ण प्रोग्रामची वेळ घेतली होती, दुसऱ्यांदा प्रोफाइलर लावला.

डिझाइनच्या दाव्याबद्दलचं माझं मत इथे ठरलं. काँप्युटरने हा पदार्थ शोधला नाही. पदार्थ रिफायनरीत होता, निकष १९५८ चा होता, नमुना जिवाणूंच्या पोटात होता. काँप्युटरने या तिन्हींना एकाच मापात तोलता येईल असा एक आकडा दिला, आणि त्यामुळे तीन परिषदांतली माणसं एकमेकांशी बोलू शकली. ही कामगिरी लहान नाही. पण त्या आकड्यावर विश्वास बसला तो सोन्यावरच्या त्रिकोणांचे काठ कोणीतरी बसून मोजले म्हणून.

त्यानंतरची गर्दी

एकदा काठाचं गुपित फुटल्यावर डिझाइनला खरा अर्थ आला. वाटा तीन होत्या. पहिली, काठ वाढवायचा: २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने ग्राफीनवर सल्फाईडचे बारीक कण वाढवले, आणि २०१२ मध्ये याकोब किब्सगॉर्ड आणि सहकाऱ्यांनी इतकी सच्छिद्र, वळणावळणाची रचना केली की जिकडे तिकडे काठच उघडे पडावेत. दुसरी वाट, सपाट तोंडालाच कामाला लावायचं: २०१३ मध्ये अणूंची मांडणी बदलून धातूसारखी वीज वाहणारी रूपं बनवली गेली, आणि २०१६ मध्ये पृष्ठभागावरचे काही गंधक अणू मुद्दाम उडवून, थराला ताण देऊन, रिकाम्या जागांकडून काम करून घेतलं. तिसरी वाट, सपाट तोंड ठेवायचंच नाही: लोझानला शिले हू यांच्या गटाने स्फटिक नसलेले, अस्ताव्यस्त सल्फाईडचे थर बनवले, तर २०१४ मध्ये तीन मोलिब्डेनम आणि तेरा गंधक अणूंचा एक गुच्छच वापरला गेला, ज्यात आत काही नाही, सगळा काठच.

गर्दी झाली की आकड्यांची शर्यत येते. इलेक्ट्रोडवर भुकटीचा जाड थर दिला तर प्रवाह वाढतो, आणि उत्प्रेरक सुधारल्यासारखा दिसतो. दुसरी गंमत प्लॅटिनमची. चाचणीच्या भांड्यात समोरचा इलेक्ट्रोड पुष्कळदा प्लॅटिनमचा असे. तो किंचित विरघळे आणि ते प्लॅटिनम अलगद येऊन सल्फाईडवर बसे. तास जातील तसा नमुना 'सुधारत' जाई. ज्याला हटवायचं तोच गुपचूप येऊन काम करत होता. आता समोर ग्रॅफाईटची कांडी ठेवायचा आग्रह धरला जातो.

हिशोब

मग आज प्लॅटिनम हटलं का? नाही. जगात २०२२ मध्ये सुमारे ९५० लाख टन हायड्रोजन वापरला गेला आणि तो जवळजवळ सगळा नैसर्गिक वायू, कोळसा आणि तेलापासून आला. पाणी फोडून येणारा अगदी नगण्य. पूर्वी असं नव्हतं असंही नाही. नॉर्वेत वेमोर्कला धबधब्याच्या विजेवर आणि आपल्याकडे नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून खतासाठी हायड्रोजन काढत. स्वस्त वायूने ती चाल मागे पाडली. आता भारताच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने, जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद करून, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं आहे.

अशा लक्ष्यांत प्लॅटिनमला पर्याय शोधणं महत्त्वाचं वाटतं, आणि मोलिब्डेनम आहेही मुबलक. वर्षाला अडीच लाख टनांच्या आसपास निघतं, त्यातलं बरंचसं तांब्याच्या खाणींचं उपउत्पादन म्हणून. पण आम्लधर्मी पडद्याच्या घटात खरी नड हायड्रोजनच्या बाजूला नाहीच. प्लॅटिनमवर हायड्रोजन इतका सहज सुटतो की ते अगदी थोडं पुरतं. ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम लागतं, आणि ते जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. त्या बाजूला सल्फाईडं टिकत नाहीत. तिथल्या व्होल्टेजला गंधक ऑक्सिडाइज होऊन निघून जातो. अल्कलीच्या घटांत निकेल आणि कोबाल्टची सल्फाईडं ऑक्सिजनसाठी वापरली की थोड्याच वेळात त्यांची ऑक्साईड-हायड्रॉक्साईडं होतात. नाव सल्फाईडचं राहतं, काम दुसरंच कोणी करतं.

हायड्रोजनच्या बाजूलाही पहिली मोठी परीक्षा भलत्यानेच दिली. २०१९ मध्ये हारामियो यांच्या गटाने एका व्यावसायिक घटात प्लॅटिनमच्या जागी कोबाल्ट फॉस्फाईड घातलं. दर चौरस सेंटिमीटरला १.८६ अँपियर प्रवाहावर ते १,७०० तासांहून जास्त चाललं. व्होल्टेज प्लॅटिनमपेक्षा थोडं जास्त लागलं. फॉस्फाईड सल्फाईडच्याच वाटेने आलेलं भावंड आहे. त्यालाही गंधक काढणाऱ्या रिफायनरी-उत्प्रेरकांच्या यादीतूनच उचललं होतं.

म्हणून 'दगडाने प्लॅटिनमला हरवलं' असा शेवट या गोष्टीला देता येत नाही. तिच्यातून हाती आलेली वस्तू वेगळी आहे. १९७७ मध्ये 'हा पदार्थ कसा आहे' असा प्रश्न होता; २००७ नंतर 'या पदार्थाची कोणती जागा, आणि अशा जागा किती' असा प्रश्न झाला. इरिडियमच्या बाजूला आज पुष्कळ पदार्थ नापास होत आहेत. त्यांतल्या किती जणांचं फक्त सपाट तोंड तपासलं गेलं आहे, हे विचारायची सवय या करड्या दगडामुळे लागली.